पाऊण इंच आणि वर थोडं

हिला शाळेत न्यायला गाडी घ्यायची असं ठरलं, तेव्हा मी सर्वांत आधी गळ्यातली टेप काढली. मी शिंपी आहे. गिऱ्हाईक नवं असो, खुर्ची नवी असो, नाहीतर संकट नवं असो, मी आधी माप घेतो. तीस वर्षं दुकान चालवतोय, सगळे मला मास्तर म्हणतात. ही, म्हणजे माझी बायको, शाळेत गणित शिकवते, पण तिला कुणी मास्तर म्हणत नाही, बाई म्हणतात. घरात मात्र कुणाची चूक काढायची वेळ आली की खरं मास्तर कोण ते लगेच कळतं.

माझ्या मापाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पुढे त्यावरूनच सगळं रामायण झालं. माझी टेप कापडी आहे, पिवळी. मी दुकान उघडलं त्या दिवशी माझ्या उस्तादांनी ती स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. तिच्यावरचे आकडे आता पुसट झालेत, पण मला ते बोटांना कळतात. या टेपने बेतलेला एकही कपडा आजवर बसत नाही म्हणून परत आलेला नाही. उलट लोकांना माझ्याकडे माप द्यायला आवडतं, कारण दर खेपेला त्यांची कंबर जराशी कमी भरते. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना प्रत्येक विषयातली माहिती असते म्हणून आम्ही त्यांना माहितीकाका म्हणतो. हे काका तर माझ्या टेपच्या भरवशावर सकाळचं फिरणं सोडून बसले आहेत. मी या सगळ्याला माझ्या हाताचा गुण समजत होतो.

माझ्या टेपला मान न देणारा एकच माणूस होता, कोपऱ्यावरचा कापडवाला. अकरा वर्षांपूर्वी त्याच्याकडून आलेलं कापड मी मोजलं तर ते दोन मीटरमागे दोन इंच कमी भरलं. मी त्याला तसं चार लोकांदेखत सुनावलं. त्याने आपली सरकारी शिक्क्याची लोखंडी मीटरपट्टी काउंटरवर आपटली. मीही टेप आपटली, पण ती कापडी असल्यामुळे आवाज झाला नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. रस्त्यात समोरासमोर आलो की तो दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो आणि मी घड्याळ बघतो.

तर गाडी. हिचे पाय दोन वर्षांपूर्वीच्या आजारात गेले आणि त्यानंतर वर्षभराने घरात बॅटरीवर चालणारी खुर्ची आली. उजव्या हाताशी एक लहानशी दांडी असते, ती बोटाने जिकडे ढकलावी तिकडे खुर्ची जाते, आणि अजिबात आवाज करत नाही. पूर्वी ही आधी हाक मारायची, त्यामुळे सावरायला वेळ मिळायचा. आता बिस्किटांच्या डब्यात हात घालून मागे वळावं तर ही दारात उभी. म्हणजे बसलेली, पण माझ्यावर परिणाम तोच. पहिल्या आठवड्यात खुर्चीने जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा आणि माझ्या पायाचा एक अंगठा जायबंदी केला, आणि हिला तिचं घर परत मिळालं. महिन्याभरात हिने जाहीर केलं की आता शाळाही परत हवी.

मुख्याध्यापिकांनी सुट्टीत भेटायला बोलावलं. शाळा आमच्यापासून चौदा किलोमीटर, मध्ये मोठा रस्ता, आणि ही खुर्ची एकशे वीस किलोची. ती घडी होत नाही, त्यामुळे भाड्याच्या मोटारीत मावत नाही. खुर्ची घरी ठेवून आम्ही निघालो. शाळेच्या पायऱ्यांशेजारी सामान चढवायचा उतार होता, पण हिची चाकं घरी राहिली होती. म्हणून दोन शिपायांनी हिला एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. नेताना ते एकमेकांना सांगत होते, जरा तिरकी कर, दाराला घासेल, तिकडून सांभाळ. बिचारे भले होते, काळजीनेच बोलत होते. पण कपाट हलवतानाही माणसं अगदी हेच बोलतात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमची जागा शाळा उघडेपर्यंत राखून ठेवली आहे. पहिल्या दिवशी साडेदहाच्या आत येऊन हजेरीपटावर सही करा, नाहीतर आता तात्पुरत्या असलेल्या शिक्षकांना कायम करावं लागेल. तेवढा वेळ ही त्या गुळगुळीत खुर्चीवरून घसरत होती आणि मी मागून हिचे खांदे धरून उभा होतो.

 घरी आल्यावर ही आपल्या खुर्चीत बसली, पट्टा लावला, आणि मग म्हणाली, "मी शाळेत जाईन ती या खुर्चीतून जाईन. मला कुणी उचलायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

शाळा उघडायला सात आठवडे होते.

गाड्यांच्या दुकानात आम्हाला जो विक्रेता भेटला तो फार उत्साही होता. त्याने मला गाणी कशी लागतात ते दाखवलं, काच कशी आपोआप खाली जाते ते दाखवलं, छताला खिडकी कशी आहे तेही दाखवलं. हिने दाराबाहेरूनच विचारलं की गाडीच्या दाराची उंची किती. बाहेरूनच, कारण दुकानाला दोन पायऱ्या होत्या. विक्रेत्याने उत्तर मला दिलं. तो म्हणाला, मॅडमना पुढच्या सीटवर बसवू आणि खुर्ची डिकीत टाकू. मी म्हटलं, खुर्ची एकशे वीस किलोची आहे. तो म्हणाला, काही हरकत नाही, डिकी मोठी आहे. मी म्हटलं, ती डिकीत टाकणार कोण. त्यावर त्याने मला पुन्हा एकदा गाणी लावून दाखवली. अशा चार दुकानांत आम्ही गेलो आणि चारही ठिकाणी प्रश्न हिचा आणि उत्तर मला, असाच प्रकार झाला.

माहितीकाका रोज संध्याकाळी नवा उपाय घेऊन खाली यायचे. एकदा म्हणाले, मोटारीच्या टपावर लहानशी क्रेन बसवा. दुसऱ्या दिवशी म्हणाले, खुर्ची मागे जोडगाडीवर आणि बाई पुढे मोटारीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर चित्रच काढून आणलं. शर्यतीचे घोडे ज्या गाडीतून नेतात तिला मागे रॅम्प असतो, जागा ऐसपैस असते, हवा खेळती असते, आणि काकांच्या माहितीप्रमाणे घोड्यांची कधी तक्रार आलेली नाही. हिने चित्र नीट पाहिलं आणि चारा गाडीबरोबरच मिळतो का तेवढं विचारलं. काका म्हणाले, ते चौकशी करून सांगतो.

शेवटी गाडी मिळाली ती एका बेकरीची. मालकाने धंदा बंद केला होता आणि पाव पोहोचवायची पांढरी व्हॅन विकायला काढली होती. मागे दोन उघडणारी दारं, आत रिकामी जागा, आणि काचा बंद केल्या की भाजलेल्या पावाचा वास. दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: ताजे, मऊ, रोज सकाळी. मला स्वतःला आवडलं ते आतलं अस्तर. पाव गरम राहावेत म्हणून छताला आणि मागच्या दाराच्या चौकटीला सगळीकडून जाड गादी ठोकलेली होती. शिंप्याला अस्तर चांगलं दिसलं की तो बाकीचं काही बघत नाही.

गाडीचं काम वेल्डिंगवाल्याकडे दिलं. मागचा तळ कापून खाली घ्यायचा, घडीचा रॅम्प बसवायचा, खुर्ची जखडायला जमिनीत चार कड्या आणि पट्टे, आणि हिच्यासाठी एक वेगळा पट्टा. माणूस कामाला पक्का, तोंडाने फटकळ. त्याने दोन गोष्टी सुचवल्या. एक म्हणजे हे अस्तर उखडून टाकू, फुकट जागा खातंय. मी म्हटलं, अस्तराला हात लावायचा नाही. दुसरं, बाईंना खुर्चीसकट इथे आणा, मी माझ्या पोलादी टेपने उंची मोजून घेतो.

यावर माझा पारा चढला. तीस वर्षं मी दुसऱ्यांची मापं घेतोय, खुद्द या वेल्डिंगवाल्याच्या अंगातला शर्ट माझ्या मापाचा, आणि माझ्या बायकोचं माप हा घेणार? उद्या लोक म्हणतील, मास्तरला स्वतःच्या बायकोचं माप घेता येत नाही. मी घरी आलो, हिला ताठ बसायला सांगितलं आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत टेप लावली. चोपन्न इंच. वर एक इंच मोकळा धरून मी त्याला चिठ्ठी लिहून दिली: मागच्या दाराची उंची पंचावन्न इंच, कमी नाही, जास्त नाही. खाली सहीसुद्धा केली. ती सही पुढे माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली.

काम सुरू असताना मी वाहन नोंदणीच्या कार्यालयात खेटे घालत होतो. तिथल्या कारकुनाचं म्हणणं अगदी सरळ होतं. गाडीची नोंद मालवाहू. मालवाहू गाडीत प्रवासी बसवता येत नाही. प्रवासी बसवायचा तर नोंद बदलायची, आणि फॉर्मवर मागच्या भागातल्या आसनांची संख्या भरायची. मी म्हटलं, शून्य, आसन ती स्वतः घेऊन येते. तो म्हणाला, शून्य आसनं आणि एक प्रवासी, म्हणजे प्रवासी उभा राहणार, आणि उभा प्रवासी नियमात बसत नाही. मी म्हटलं, खुर्ची कड्यांना बांधलेली असते. तो म्हणाला, बांधून नेतात तो माल. मग मी सहज विचारलं की बाजूची ती लाल अक्षरं पुसली तर चालेल का. तो म्हणाला, तो रंगबदल होतो, त्याचा फॉर्म वेगळा, खिडकी वेगळी, आणि त्या खिडकीचा माणूस रजेवर आहे. मी चार वेळा गेलो. चारही वेळा मी बाहेर पडलो तेव्हा त्याचं म्हणणं मला पटलेलं असायचं आणि काम तिथेच असायचं.

पाचव्या खेपेला ही म्हणाली, मी येते. कार्यालय दोन किलोमीटरवर. ही रस्त्याच्या कडेने खुर्ची चालवत पुढे आणि मी धापा टाकत मागे, अशी आमची मिरवणूक निघाली. कार्यालयाला तीन पायऱ्या होत्या. हिने खालीच थांबून निरोप पाठवला की आसन बाहेर उभं आहे, येऊन मोजा. अर्ध्या तासाने कारकून फॉर्म घेऊन खाली उतरला. त्याला एवढ्या जवळून खुर्ची बघायची सवय नव्हती, म्हणून तो थोडा अवघडला. हिने त्याला वर्गातल्या मुलाला विचारावं तसं शांतपणे विचारलं, "मी आत्ता उभी आहे की बसलेली?" तो म्हणाला, बसलेल्या आहात. "कशावर?" तो म्हणाला, आसनावर. मग त्याने पायरीवरच टेकून रकान्यात लिहिलं: आसन एक, प्रवाशाने स्वतःचे आणलेले. शुक्रवारी तपासनिसाने रिकामी गाडी पाहिली, रॅम्पवर दोनदा पाय आपटला आणि शिक्का मारला. अक्षरं मात्र तशीच राहिली.

शनिवारी सकाळी गाडी दारात आली. सोमवारी शाळा उघडणार होती. वेल्डिंगवाला स्वतः आला होता, माहितीकाका खुर्ची टाकून बसले होते. हिने शाळेची पिशवी भरून मांडीवर ठेवली होती, हजेरीचं पेन, खडू, लाकडी फूटपट्टी, सगळं. रॅम्प खाली आला. हिने दांडी पुढे केली आणि खुर्ची सुरळीत वर गेली, पाऊण रॅम्प चढली, आणि हिचं कपाळ दाराच्या वरच्या चौकटीला लागलं. अस्तर होतं म्हणून लागलं नाही फारसं, पण खुर्ची थांबली. ही मागे आली, पुन्हा गेली, पुन्हा तिथेच.

 वेल्डिंगवाला चाचरत म्हणाला की बाईंनी आत शिरताना एवढीशी मान खाली घातली तर काम होऊन जाईल. आणि मी, आज सांगायला लाज वाटते, पण मीही म्हणालो की खरंच, क्षणभराचा तर प्रश्न आहे.

"रोज चार वेळा," ही म्हणाली. "चढताना दोनदा, उतरताना दोनदा, वर्षाचे दोनशे वीस दिवस. आणि माप चुकलं दुसऱ्याचं, तर मान मी का खाली घालू?"

माप चुकलं हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी टेप काढून दार मोजलं. त्रेपन्न इंच आणि वर जरासं. मी वेल्डिंगवाल्याला म्हटलं, पंचावन्न सांगितले होते, दीड-दोन इंच खाल्लेस. त्याने पोलादी टेप सरकन बाहेर काढली. बरोबर पंचावन्न. मग माझी सहीची चिठ्ठी काढली आणि माहितीकाकांच्या हातात दिली. आम्ही दोघं गाडीच्या मागे उभे राहून एकाच दाराची दोन मापं पुन्हा पुन्हा घेत होतो आणि दर वेळी आवाज चढवत होतो. काका म्हणाले की उन्हाने गाडी फुगत असेल. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

हिने पिशवीतून फूटपट्टी काढली. "अहो, तुमची टेप या रॅम्पवर पसरा." मी पसरली. साठ इंचांची टेप, म्हणजे पाच फूट. हिने मला पट्टी पाच वेळा लावायला लावली. पाचवा फूट संपला तरी टेप संपली नव्हती. दोन इंच शिल्लक होती.

मी म्हटलं, पट्टी लाकडी आहे, झिजली असेल, वर्षानुवर्षं मुलांच्या टेबलावर आपटलेली पट्टी. वेल्डिंगवाल्याची टेप तर भांडणातल्या माणसाचीच, ती मी मानणार नाही. मला सरकारी शिक्क्याचं माप दाखवा. हे बोलून गेलो आणि मग माझ्या लक्षात आलं की आसपास सरकारी शिक्क्याचं माप एकाच माणसाकडे आहे. ते हिच्याही लक्षात आलं होतं. ती म्हणाली, "मग त्यांच्याकडून आणा. सोमवार थांबणार नाही."

अकरा वर्षांनी मी त्या दुकानाची पायरी चढलो. कापडवाला मला पाहून सवयीने पाटी वाचायला वळला, पण दुकानाच्या आत पाटी नव्हती, म्हणून तो कॅलेंडर वाचायला लागला. मी म्हणालो की मीटरपट्टी हवी आहे, तासाभरासाठी. त्याने कशाला म्हणून विचारलं आणि मी सगळं सांगितलं.  त्याने दुकानात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, ऐन शनिवारी सकाळी शटर ओढलं आणि पट्टी काखेत मारली. म्हणाला, पट्टी मिळेल, पण मोजताना मी समोर असणार.

पट्टी रॅम्पवर ठेवली आणि बाजूला माझी टेप लावली. एका मीटरमध्ये एकोणचाळीस इंच असतात आणि वर थोडं. माझ्या टेपवर अडतीस दिसत होते. मी टेप उलटी करून पाहिली, दुसऱ्या टोकाकडून पाहिली, सैल सोडून पाहिली. अडतीस. तीस वर्षं रोज गळ्यात लोंबून, शेकडो कमरांभोवती ओढली जाऊन माझी टेप ताणली गेली होती. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा मोठा होता. माहितीकाकांचा हात हळूच आपल्या कमरेकडे गेला आणि त्यांचा चेहरा पडला.

कापडवाल्याने पट्टी उचलून बाहीने पुसली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त "अकरा वर्षं" एवढंच म्हटलं. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो की माझं चुकलं. वेल्डिंगवाल्यालाही म्हणालो. मग मी रॅम्पच्या कडेला बसलो. उस्तादांची टेप हातात होती आणि मला खरोखर रडायला येत होतं.

ही खुर्ची घेऊन माझ्याजवळ आली. "चोपन्न गुणिले बासष्ट, भागिले साठ," ती म्हणाली. "पंचावन्न पूर्णांक आठ. दार पंचावन्नचं. पाऊण इंच आणि वर थोडं, एवढंच कमी पडलंय." आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "कपडे सगळ्यांना नीटच बसले ना? ज्या टेपने माणूस मोजलात त्याच टेपने कापड मोजलंत. लबाडी नव्हती त्यात. फक्त बाहेरच्या मापाशी कधी ताडून पाहिलं नाहीत. आता उठा, दीड दिवस आहे."

वेल्डिंगवाला म्हणाला, तळ आता तसूभरही खाली जात नाही, खाली चाकांचा आस लागतो. छत कापायचं तर नवी परवानगी. खुर्चीची गादी पातळ करायची तर डॉक्टरांची मनाई. सगळ्यांनी दाराकडे बघत माना हलवल्या. मीही बघत होतो, आणि बघता बघता मला दार दिसेनासं झालं आणि एक अंगाला घट्ट होणारा कोट दिसायला लागला. कोट घट्ट होतो तेव्हा शिंपी आधी काय करतो? बाहेरून कापत नाही. अस्तर उसवतो.

मी म्हटलं, अस्तर काढा.

वेल्डिंगवाला माझ्याकडे असा बघत राहिला की मी नजर चुकवली. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ते त्याने मला पुढच्या तासाभरात सात वेळा ऐकवलं. गादी उखडली तेव्हा आतून दोन घमेली पावाचा चुरा निघाला. गादी पावणेदोन इंच जाड होती. पण नुसता पत्रा ठेवून चालणार नव्हतं. रस्त्यातल्या खड्ड्यात हिचं डोकं पत्र्यावर आपटलं असतं. नवं अस्तर हवं, पातळ, पाव इंचाचं, चौकटीला घट्ट बसणारं. माहितीकाकांनी शंका काढली की अस्तर बदलायला परवानगी लागेल. ही म्हणाली, फॉर्ममध्ये अस्तराचा रकाना नाही, मी तो फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचलाय.

कापडवाल्याने स्वतःहून गडद निळं, दणकट कापड काढलं. साडेचार मीटर मोजलं, आणि मोजताना प्रत्येक मीटरला थांबून माझ्याकडे बघितलं. मी प्रत्येक मीटरला मान डोलावली. टेप मी घरी खुंटीला अडकवून ठेवली होती आणि लोखंडी पट्टीने बेतत होतो. शनिवारी दुपारभर आणि रविवारी सूर्य मावळेपर्यंत मी मशीनवर होतो. तीस वर्षांत मी लग्नाचे कोट शिवलेत, न्यायाधीशाचा झगा शिवलाय, पण एवढ्या भीतीने कधी शिवण घातली नाही. वेल्डिंगवाल्याने पट्ट्या ठोकून अस्तर बसवलं, पोलादी टेप लावली आणि टेप माझ्या हातात दिली, तूच वाच म्हणून. साडेछप्पन्न. ही सावकाश रॅम्प चढली, मान ताठ, नजर समोर, आणि आत गेली. आतून तिचा आवाज आला की पावाचा वास अजून येतोय, तो राहू द्या.

सोमवारी दहा वाजून आठ मिनिटांनी आम्ही शाळेच्या फाटकातून आत शिरलो. गाडीवर ताजे, मऊ, रोज सकाळी असं लिहिलेलं असल्यामुळे वीस-पंचवीस मुलं खाऊ आला म्हणून धावत आली. मी उतरून मागची दारं उघडली, रॅम्प खाली केला, पट्टे सोडले. पायऱ्यांशेजारी ते दोन शिपाई उभे होते. त्यांना बाई येणार हे कळलेलं होतं आणि त्यांनी तीच प्लास्टिकची खुर्ची पुसून तयार ठेवली होती.

हिने दांडी पुढे केली. सवयीने माझा हात हिच्या खांद्याकडे गेला. "हात काढा," ही पुढे बघतच म्हणाली, आणि मी काढला. खुर्ची दाराखालून बाहेर आली, हिच्या डोक्यावर पाऊण इंचाला जरा कमी एवढी मोकळी जागा होती, आणि ती मला स्पष्ट दिसली. मुलं आपोआप दोन्ही बाजूंना सरकली. कुणीतरी हळूच म्हणालं की अरे, गणिताच्या बाई. ही त्या दोन शिपायांच्या मधून गेली, दोघांना नमस्कार केला, सामान चढवायच्या उतारावरून वर गेली आणि डावीकडे वळून दिसेनाशी झाली. दहा वाजून चौदा मिनिटांनी तिने सही केली. हे मला नंतर कळलं, पण मिनिट तिनेच सांगितलं, त्यामुळे ते बरोबरच असणार.

दोघं शिपाई रिकामी खुर्ची धरून तसेच उभे राहिले होते. उचलायला कुणी उरलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना काही दिसेना, म्हणून मी जाऊन त्या खुर्चीत बसलो. ती खरोखरच फार गुळगुळीत होती. मी घसरू नये म्हणून खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो.

थोडा वेळ थांबून त्यांच्यातला एक जण खाली वाकला आणि आदराने म्हणाला, "मास्तर, तुम्हाला उचलायचं का?"

मी मान ताठ केली आणि सांगितलं की माझं मी उठेन, फक्त घंटा होईपर्यंत बसू द्या.